कलादानच्या काठी नऊ महिने

मिझोराममधून म्यानमारात उतरणारी कलादान नदी आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसते ती भारताच्या बहुउद्देशीय वाहतूक प्रकल्पामुळे. कोलकात्याहून समुद्रानं सित्वे, तिथून नदीतून पालेत्वा आणि पुढं रस्त्यानं मिझोराम, असा तो मार्ग. याच नदीच्या काठावर २ मार्च १९४४ च्या सकाळी अठरा वर्षांचा एक नायजेरियन मुलगा उजव्या मांडीत आणि पोटात गोळी लागून कोसळला. तो वाचेल असं त्याला पाहणाऱ्या कुणालाही वाटलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. तो वाचला. नऊ महिन्यांनी त्याच खोऱ्यातून बाहेर पडला, गावी परतला, सरकारी नोकरी करून निवृत्त झाला आणि मग बसून त्यानं ही सगळी हकीकत लिहून काढली.

त्याचं नाव आयझॅक फडोयेबो. पुस्तकाचं नाव 'अ स्ट्रोक ऑफ अनबिलिव्हेबल लक', म्हणजे विश्वास बसू नये असं नशीब. दुसऱ्या महायुद्धावर जेवढं लिहिलं गेलं आहे त्या ढिगात हे पुस्तक शोधायलाच लागतं, इतकं ते लहान आहे. ब्रह्मदेशची लढाई म्हटली की जनरल स्लिमचं आत्मकथन पुढं येतं, माउंटबॅटनची कागदपत्रं येतात. त्या ग्रंथांत आफ्रिकी पलटणी भेटतात त्या नकाशावरच्या बाणांच्या रूपात. त्या बाणाच्या टोकाशी कोण चालत होतं आणि तो जमिनीवर पडला तेव्हा त्याला काय दिसलं, हे सांगणारी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी. आपल्याकडे १८५७ च्या बाबतीत हे काम वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी केलं. ते निघाले होते यज्ञाची दक्षिणा मिळवायला आणि सापडले बंडाच्या मधोमध. 'माझा प्रवास'ची किंमत जशी भटजींना राजकारणात फार रस नव्हता यातच आहे, तशी फडोयेबोच्या पुस्तकाची किंमत तो वीर नव्हता यात आहे. तसा आव तो कुठं आणतही नाही.

सैन्यात भरती होण्याचा प्रसंगच बघा. आयझॅक हा नैर्ऋत्य नायजेरियातल्या ओवो शहराजवळच्या एमुरे-इले या योरुबा गावचा. जन्म १९२५ चा. मिशनच्या शाळेत प्राथमिक शिक्षण झालेलं, इंग्रजी लिहिता-वाचता येणारं पोर. १९४२ च्या जानेवारीत, वय सोळा, आईवडिलांना एका शब्दानं न विचारता तो अबेओकुटा इथं जाऊन सैन्यात दाखल झाला. राजाच्या साम्राज्यावर प्रेम होतं, हिटलरचा राग होता, असलं काही तो लिहीत नाही. अंगात तारुण्याची खुमखुमी होती, गणवेशातली पोरं रुबाबदार दिसायची, आणि परिणामांचा विचार आपण केला नाही, एवढं तो मोकळेपणानं मान्य करतो. लढाईच्या आठवणी लिहिणारे निवृत्त लोक बहुधा सुरुवातीलाच एखादं ध्येय चिकटवतात. इथं ते नाही, म्हणून पुढच्या पानांवर विश्वास बसतो.

त्याला रुग्णसेवकाचं शिक्षण मिळालं आणि २९ व्या कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनमध्ये नेमणूक झाली. आघाडीवरून आलेल्या जखमींवर पहिले उपचार करून त्यांना मागं पाठवणारी ही तुकडी. ती ८१ व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनबरोबर निघाली. नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, सिएरा लिओन आणि गांबिया या चार ब्रिटिश वसाहतींतली माणसं या डिव्हिजनमध्ये होती. दंडावर पिवळ्या कापडावर काळा कोळी. हा कोळी म्हणजे अकान लोकांच्या गोष्टींतला अनान्सी. अंगात बळ नाही, पण अकलेच्या जोरावर वाघ-सिंहांना चकवणारा. इंग्रज अधिकाऱ्यांनी चिन्ह मात्र चांगलं निवडलं होतं.

अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. गोल्ड कोस्टचा सेठ अँथनी हा एकच पश्चिम आफ्रिकी माणूस कमिशन मिळवून या डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशात लढला. बाकीच्यांची धाव सार्जंट-मेजरच्या हुद्द्यापर्यंत. पगारही रंगाप्रमाणे. आफ्रिकनांना ब्रह्मदेशात आणण्यामागं जनरल जिफर्ड यांचा हात होता. ते आधी पश्चिम आफ्रिकेचे सेनापती होते आणि पुढं भारतात आले. रस्ते नसलेल्या जंगलात आफ्रिकी माणूस डोक्यावर ओझं घेऊन चालू शकतो, त्याला मोटारी लागत नाहीत, हा हिशोब. तो एका अर्थी बरोबर निघाला. या डिव्हिजनमध्ये प्रत्येक ब्रिगेडबरोबर हमालांच्या तुकड्या होत्या आणि तोफांचे सुटे भागसुद्धा डोक्यावरून गेले. पण आफ्रिकन म्हणजे जंगलातला माणूस हा समज हास्यास्पद होता. उत्तर नायजेरियातून आलेल्या कितीतरी शिपायांचा जन्म कोरड्या गवताळ माळावर गेला होता. दाट जंगल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते ब्रह्मदेशातच.

डिव्हिजन उतरली मुंबईला, १९४३ च्या उत्तरार्धात. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिण टोकाला वळसा घालून, हिंदी महासागर ओलांडून आलेली ती जहाजं. (याच मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. तेव्हा आयझॅक जंगलात पडून सहा आठवडे झाले होते.) पुढं रेल्वेनं देश ओलांडून पूर्वेकडे. या प्रवासाच्या खुणा अनेक आफ्रिकी सैनिकांच्या आठवणींत सापडतात. गोऱ्या साहेबाचं राज्य असलेला हा एवढा मोठा देश, आणि स्टेशनास्टेशनावर इतकी गरिबी, याचा त्यांना धक्का बसला. बंगालात तर १९४३ चा दुष्काळ चालू होता. आपल्या लोकांची वागणूक मात्र फारशी अभिमानास्पद नव्हती. या काळ्या माणसांना शेपूट असते, ते माणसं खातात, अशा गप्पा तेव्हा आपल्याकडे चालत आणि त्या त्यांच्या कानांवरही गेल्या. हे आपणही लक्षात ठेवायला हवं, कारण रंगावरून माणसाची परीक्षा करण्यात एकटा इंग्रजच पटाईत नव्हता.

चितगावच्या दक्षिणेला चिरिंगा नावाचं ठिकाण आहे. तिथून डोंगररांगा ओलांडून कलादानच्या काठावरल्या दालेत्मेपर्यंत पश्चिम आफ्रिकी शिपायांनी पाऊणशे मैलांचा जीपचा रस्ता काढला. फावडी, कुदळी, कोयते, एवढंच सामान. १९४४ च्या जानेवारीत तो पुरा झाला. त्याला 'वेस्ट आफ्रिकन वे' म्हणू लागले. एकदा खोऱ्यात उतरल्यावर मात्र मागं आधार काही नाही. तांदूळ, दारूगोळा, औषधं, सगळं विमानातून पडणार. पूर्णपणे विमानाच्या रसदीवर जगणारी डिव्हिजन ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. आराकानच्या (आजच्या रखाइन प्रांताच्या) मुख्य आघाडीवर जी फौज समुद्राच्या बाजूनं लढत होती तिची डावी बाजू राखायची, हे या डिव्हिजनचं काम. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत ती नदीच्या काठानं क्याउकताऊपर्यंत पोचली. मग जपान्यांनी वळसा घालून उलटा हल्ला केला, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळी आघाडी मागं सरकली.

आयझॅकची तुकडी नेमकी या भोवऱ्यात सापडली. मायराँग गावाजवळ नदीकाठी मुक्काम होता. सकाळची वेळ, न्याहारीची गडबड. ही मुळात जखमींची शुश्रूषा करणारी माणसं, लढणारी तुकडी नव्हेच. जवळच्या झाडीतून अचानक गोळीबार सुरू झाला. आयझॅक पडला तेव्हा त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि पोटातून रक्त वाहत होतं. शेजारी त्याच्या माहितीतली माणसं मरत होती. जपानी जवळ आले, याला उठवायचा प्रयत्न केला, हा उठेना, तेव्हा मरायला सोडून निघून गेले. मोडलेल्या हाडानं इथं जीव वाचवला. तो चालू शकला असता तर कैदी झाला असता, आणि पुढं त्याचं काय झालं असतं याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तुकडीतला एक इंग्रज अधिकारी जपान्यांच्या हाती लागला. तो परत आला नाही.

पहिल्या दिवसांत आणखी काही जखमी जिवंत होते. एकेक करून ते गेले. उरले दोघं. आयझॅक आणि सिएरा लिओनचा सार्जंट डेव्हिड काग्बो. दोघांचा देश वेगळा, मातृभाषा वेगळी. इंग्रजांच्या सैन्यानं त्यांना एकत्र आणलं आणि इंग्रजांचं सैन्य आता खोरं सोडून गेलं होतं. नकाशावर ही माघार व्यवस्थित पार पडली असं लिहिता येतं. जमिनीवर त्याचा अर्थ असा की रोज जखमेत किडे वळवळतायत, जंगलात वरून छप्पर नाही, अन्न नाही, आणि हलताही येत नाही.

इथून पुढं पुस्तक युद्धाचं राहत नाही. भूक, लाज, प्रार्थना आणि वाट पाहणं यांचं होतं. मला या आठवणींतला सगळ्यांत मोलाचा भाग हाच वाटतो. जवळच्या गावातली माणसं येऊन बघून जात. कुणी मूठभर भात ठेवी, कुणी नुसतं बघे, कुणी यांच्याजवळचं किडूकमिडूक घेऊन जाई. आयझॅक त्यांना देव करत नाही आणि राक्षसही करत नाही. जपान्यांना कळलं तर आपलं काय होईल या भीतीनं त्यांचा जीव अर्धा झालेला आहे, हे त्याला समजतं. कधी निराश होऊन तो मरणाची वाट पाहतो, तेव्हा काग्बो त्याला धरून ठेवतो. दोघंही ख्रिस्ती, दोघांनाही पाठ असलेल्या प्रार्थना इंग्रजीतल्या. पश्चिम आफ्रिकेच्या दोन टोकांवरची ही पोरं आराकानच्या जंगलात एकमेकांशी आणि देवाशीही राज्यकर्त्यांच्या भाषेत बोलत होती.

मग येतो शुयिमान. मायराँगचा मुसलमान शेतकरी, आज ज्यांना जग रोहिंग्या म्हणून ओळखतं त्या समाजातला. तो भात आणून देऊ लागला, आणि नुसता एकदा देऊन थांबला नाही. पावसाळा तोंडावर आला. आराकानचा पाऊस म्हणजे आपल्या कोकणालाही लाजवील असा. उघड्यावर पडलेले दोन जखमी त्यात आठवडाभरही टिकले नसते. शुयिमाननं त्यांना आपल्या घरी नेलं. घरात बायको, लहान लेकरं. जपानी सैनिकांची येजा होतच होती. दोन काळे शिपाई एका झोपडीत सापडले तर पुढं काय, हे सांगायची गरज नव्हती. गावात खपून जावं म्हणून त्या दोघांनी आपण मुसलमान असल्याची बतावणी केली, मुसलमानी नावं घेतली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या पोराला हे करताना काय वाटलं असेल? आयझॅक त्याबद्दल अपराधी भावनेचा गळा काढत नाही. जगायचं होतं, नाव बदललं. बस्स.

शुयिमाननं हे का केलं? इतिहासकार एक कारण सांगतील, आणि ते खोटं नाही. १९४२ मध्ये इंग्रज आराकानातून मागं हटले तेव्हा तिथल्या बौद्ध रखाइन आणि मुसलमान समाजांत भयंकर कत्तली झाल्या. रखाइनांतले बरेच जण जपान्यांच्या बाजूला, मुसलमान इंग्रजांच्या बाजूला, अशी ढोबळ विभागणी पडली. इंग्रजांचे हेर आणि वाटाडे मुसलमान गावांतून मिळत. तेव्हा इंग्रजांच्या शिपायांना लपवण्यात शुयिमानचा काही हिशोब असणार. पण हिशोब करणारा माणूस एका रात्रीचा आसरा देतो. महिनोन्‌महिने आपल्या पोरांच्या ताटातला भात दोन परक्यांना घालत नाही, तेही जे जगतील याची खात्री नाही अशांना. इंग्रज परत येतील याची खात्री तर त्या पावसाळ्यात इंग्रजांनाही नव्हती. मला तरी हिशोबाचं कारण अपुरं वाटतं. देवाच्या भीतीनं आणि माणसाच्या कळवळ्यानं त्यानं ते केलं, हे आयझॅकचं मत होतं, आणि त्या झोपडीत तो राहिला होता, आपण नाही.

आयझॅक जखमी होऊन पडला त्याच मार्च महिन्यात इथून उत्तरेला मणिपूरच्या डोंगरांत सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजत होती. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची किती पोरं तिथं पडली, किती कुणाच्या घरी लपून वाचली, कुणाकुणाला कुणी भात दिला, हे आपल्याला सांगणारं एखादं आयझॅकसारखं पुस्तक मराठीत असतं तर आपला इतिहास श्रीमंत झाला असता.

१९४४ च्या हिवाळ्यात ८१ वी डिव्हिजन पुन्हा कलादानच्या खोऱ्यात उतरली, आणि डिसेंबरात हे दोघं आपल्या माणसांच्या हाती पडले. १९४५ च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकी फौजांनी म्योहाँग घेतलं. आराकानच्या जुन्या राजांची ही राजधानी, म्राउक-ऊ. घानामध्ये टाकोराडीच्या लष्करी छावणीला पुढं म्योहाँगचंच नाव दिलं गेलं. आयझॅकला विजयाचं हे कौतुक रुग्णालयातच ऐकायला मिळालं असणार. हाड जुळलं पण पाय कायमचा अधू झाला. १९४५ मध्ये तो नायजेरियाला परतला तेव्हा वीस वर्षांचाही झाला नव्हता.

परत आलेल्या आफ्रिकी शिपायांविषयी एक ठरावीक कथा सांगितली जाते. ते जग पाहून आले, गोऱ्यांचा पराभव पाहून आले, आणि त्यांनीच स्वातंत्र्याची चळवळ पेटवली. काहींच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. केनियाचा वारुहिऊ इटोटे ब्रह्मदेशच्या आघाडीवर कॉर्पोरल होता. 'माऊ माऊ जनरल' या १९६७ च्या आत्मकथनात त्यानं कलकत्त्याला भेटलेल्या स्टीफन्सन नावाच्या एका काळ्या अमेरिकन सैनिकाची गोष्ट सांगितली आहे. त्यानं इटोटेला हैतीच्या काळ्या गुलामांनी फ्रेंचांना कसं हरवलं ते सांगितलं. एक इंग्रज शिपाईही त्याला विचारून गेला की बाबा, तुझा देश पारतंत्र्यात असताना तू इथं कशासाठी लढतोयस? हाच इटोटे पुढं केनियातल्या इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ बंडात जंगलात जाऊन 'जनरल चायना' झाला, १९५४ च्या जानेवारीत जखमी होऊन पकडला गेला, फाशीतून वाचला. त्याच्या आठवणी वाचताना रक्त उसळतं.

आयझॅकच्या आठवणींत यातलं काही नाही. तो कामगार खात्यात कारकून म्हणून लागला, वर चढत गेला, संसार केला, लंगडत ऑफिसला जात राहिला. काही अभ्यासकांना त्यामुळं त्याचं पुस्तक फिकं वाटेल. मला नाही वाटत. ब्रह्मदेशात गेलेल्या नव्वद हजारांहून अधिक आफ्रिकी सैनिकांपैकी इटोटे फार थोडे होते. बहुतेक जण आयझॅकसारखे घरी आले, गप्प राहिले, आणि त्यांच्या देशांच्या नव्या सरकारांना त्यांचं कौतुक करायची अडचण वाटली, कारण ते इंग्रजांसाठी लढले होते. इंग्रजांना त्यांची आठवण नव्हती, आणि आपल्यांना ती नको होती. हे दुःख आपल्या निवृत्त जवानांच्या घरांत आपणही पाहिलं आहे.

निवृत्तीनंतर आयझॅकनं हस्तलिखित तयार केलं. ते फिरत फिरत लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमपर्यंत पोचलं. इतिहासकार डेव्हिड किलिंग्रे यांनी त्याचं संपादन केलं, आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठानं ते छापलं. पत्रकार बार्नाबी फिलिप्स यांना ते सापडलं. ते लागोसला जाऊन आयझॅकना भेटले, आणि २०११ मध्ये त्यांचं शुयिमानच्या कुटुंबाला लिहिलेलं पत्र घेऊन म्यानमारात गेले. परदेशी पत्रकारांना त्या भागात मज्जाव होता, तरी त्यांनी ते घर शोधलं. शुयिमान कधीच वारला होता. पण मुलाबाळांना घरी राहिलेल्या त्या दोन आफ्रिकी शिपायांची गोष्ट ठाऊक होती. पत्र वाचून दाखवलं गेलं, आणि त्याचं चित्रण लागोसला आणून आयझॅकना दाखवलं गेलं. साठाहून अधिक वर्षांचं कर्ज एका कागदावर फेडलं जात नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. पण ते मान्य करून माणूस गेला, हे थोडं नाही. यावर आधारलेली 'बर्मा बॉय' ही फिल्म आणि पुढं २०१४ मध्ये फिलिप्स यांचं 'अनदर मॅन्स वॉर' हे पुस्तक आलं.

आयझॅक फडोयेबो २०१२ मध्ये वारले. त्याच वर्षी जून आणि ऑक्टोबरमध्ये रखाइन प्रांतात मुसलमानांविरुद्ध मोठा हिंसाचार झाला. १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानं रोहिंग्यांना आधीच परकं ठरवलं होतं. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून बांगलादेशात गेले, म्हणजे साधारण त्याच चितगावच्या बाजूला, जिथून ८१ वी डिव्हिजन डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरली होती. युद्धात इंग्रजांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या त्या गावांना इंग्रजांनी जाताना काही दिलं नाही, हे ब्रिटनच्या हिशोबातलं उघडं देणं आहे. यांगूनजवळ ताऊक्यानच्या स्मारकावर ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा सुमारे सत्तावीस हजार सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यांत आफ्रिकी शिपाईही आहेत. शुयिमान सैनिक नव्हता, त्यामुळं त्याचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही. ते कागदावर आलं ते त्यानं भात घातलेल्या एका लंगड्या कारकुनानं लिहून ठेवलं म्हणून.